हिरवी ज्योत

बोटीवर नोकरीला असलेल्या नवऱ्याने परदेशातून आणलेला एसी थंड करीना, म्हणून रझियाने दाऊद मेकॅनिकला बोलावलं. गॅसची गळती शोधायला त्याने नेहमीची बत्ती काढली. काडी ओढणार, तोच तिने हात धरला.

"चाचा, यात नवा गॅस आहे. आभाळाला भोक पाडत नाही, पण पेटतो. आमचे हे जाताना बजावून गेलेत."

"वीस वर्षं ज्योत धरतोय गो! गळती असली की हिरवी होते, बस्स."

"ते जुन्या गॅसचं. हा चुलीच्या गॅसचा भाऊ."

दाऊद पांढराफटक पडला. "आभाळाची काळजी, नि मेकॅनिकला सांगायला कुणाला फुरसत नाही! अगो, मालगुंडात कासमनेही हाच आणलाय. त्याच्या बायकोला सकाळी माझी दुसरी बत्ती देऊन आलो, गळती बघायला."

त्याने फोन लावला. कासमची बायको हसली. "काड्या सादळल्यात चाचा, पेटतच नव्हत्या. हां, ही पेटली बघा!"