नव्यानं जन्मलेले बाबा

प्रार्थनागृहात सतरा खुर्च्या होत्या, तेरा भरलेल्या. हौदात कमरेइतकं पाणी. चर्चच्या पाळकांनी बाप्तिस्मा देताना बाबांना त्यात पूर्ण बुडवून वर काढलं. निथळत बाबा माझ्यापाशी आले.

"जुना मी मेला गं, पोरी. विश्वास ठेवला आणि नव्यानं जन्मलो. देवानं सगळं माफ केलं."

"आणि माझी माफी? ती कोण मागणार?"

"ज्यानं ते केलं तो माणूसच आता उरला नाही, बाळा."

"चारचौघांत जुनं उकरून काढू नकोस," आई कुजबुजली. "जवळ घे त्यांना."

मी दोन्ही हात पसरले. डावा पूर्ण उघडला. मी आठवीत असताना बाबांनी पिरगळून मोडलेला उजवा हात कोपरात एकशे वीस अंशांवर थांबला.