चंदेरी भुकटी

प्रीतमने आईची शपथ घेऊन स्क्रॅच कार्डं सोडली, तेव्हाच मला संशय आला. माझा भाऊ इतक्या सहज सुधारणारा नाही.

आमच्याच भागात, कॅम्प पाचमधल्या एका मोबाईलच्या दुकानात ती कार्डं मिळतात. वरचा चंदेरी थर नखाने खरवडायचा, खाली तीन आकडे सारखे आले की बक्षीस. पूर्वी तो कार्ड घरी आणून मलाच खरवडायला लावायचा. म्हणायचा, "ताई, तुझा हात चांगला आहे." दोनदा बक्षीस लागलं, तशी त्याच्या मित्रांचीही कार्डं माझ्याकडे यायला लागली. मग मीच नाही म्हटलं.

आता आठवडाभर रोज दुपारी घरात तोच खरवडल्याचा आवाज येतोय. खर्र, खर्र. मी प्रीतमला गाठते, तर तो मोबाईल बघत बसलेला. खिसे रिकामे, नखं स्वच्छ.

आज त्याला समोर खुर्चीवर बसवलं. "दोन्ही हात मांडीवर ठेव. हलायचं नाही."

"यार ताई, कसम खाल्ली ना मी."

आवाज सुरू झाला. प्रीतमची बोटं जागच्या जागी होती. तो माझ्या मांडीकडे बघत होता.

मी खाली पाहिलं. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख डाव्या तळहातावर फिरत होतं. ओढणीवर चंदेरी भुकटी सांडली होती. तळहातावर साताचे दोन आकडे उघडे पडले होते, आणि तिसऱ्या आकड्याची वरची रेघ दिसायला लागली होती.

मी अंगठा उचलला.

"ताई," प्रीतम हळूच म्हणाला, "थांबू नको."