काचेतल्या मावशी

दोन दिवसांवर कॉलेजच्या गाण्याच्या व्हिडिओ प्रोजेक्टची तारीख आली होती आणि कॉलेजातच एडिटिंगला बसलेल्या दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. हिरो झालेल्या वर्गमित्राचे ओठ सतराही टेकमध्ये गाण्याच्या मागेच पडत होते. "त्यात काचेत मावशीपण दिसतायत," शेजारी बसलेली मैत्रीण करवादली. कॅमेरा व्हरांड्यातून अलगद सरकावा म्हणून सफाईवाल्या मावशींनी आपली बादल्यांची ढकलगाडी रिकामी करून दिली होती. एवढंच नव्हे, कॅमेऱ्यासकट दिग्दर्शिकेला वर बसवून सतरा वेळा ढकललीही होती, कुरकुर न करता. दिग्दर्शिकेने खिडकीच्या काचेतलं त्यांचं प्रतिबिंब मोठं करून पाहिलं. मावशी गात होत्या. ओठ शब्दाशब्दाला जुळत होते. शूटिंगच्या दिवशी कुणी त्यांना साधं पाणीही विचारलं नव्हतं. ती धावतच व्हरांड्यात गेली. मावशी फरशी पुसत होत्या. "मावशी, उद्या पुन्हा गाडी लागेल." "ढकलते की गं." "छे, ढकलणार हिरो. तुम्ही गायचं."