फिल्टरमधली भुकटी

आदल्या रात्री धारूरच्या घाटात जीप धापा टाकायला लागली, म्हणून सोमेश्वरनं सकाळी अंगणातच बॉनेट उघडलं. एअर फिल्टर पेपरावर झटकला, तर करडी भुकटी पडली. आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवरही तीच बसली होती. वासावरून त्यानं ओळखलं. “आई, इंजिनात अंगारा कावून टाकला?” ओसरीवर ज्वारी पाखडणारी आई म्हणाली, “बाहीर लावला की तू गाडी धुताना पुसतोस.” “ह्यानं इंजिनाचा श्वास कोंडतो. घाटात बंद पडली असती.” आईचं सूप थांबलं. त्याच घाटातल्या अपघातात सोमेश्वरचे वडील गेले होते. त्यानं सेन्सरवर स्प्रे मारला, तार वाळू दिली, फिल्टर बसवला. मग आईसमोर बसून कपाळ पुढं केलं. “हितं लाव. हितला पुसणार न्हाई.” “पुडी संपली. समदा गाडीतच टाकला.” सोमेश्वरनं उठून पेपरावरची भुकटी चिमटीत घेतली आणि घाटातल्या धुळीसकट तिच्या तळहातावर ठेवली.