थोरलीचा गाजलेला केक
धाकट्या जावेला कुठलीही रेसिपी जशीच्या तशी करवत नसे. थोरली त्यावरून तिला कस्पटासमान लेखत असे. "मैद्याऐवजी गव्हाचं पीठ, साखरेऐवजी खजूर! स्वतःचीच अक्कल पाजळायची, तर विचारायला येतेस कशाला?" तरी धाकटी थोरलीच्या गाजलेल्या केकची रेसिपी मागायला आलीच. थोरलीने तोंडभर हसून सगळं सांगितलं. सोडा तेवढा एकाऐवजी दोन चमचे सांगितला. केक साबणासारखा लागला, की सगळ्यांसमोर त्या दीडशहाणीचं नाक कापलं जाणार होतं. रविवारी टिन उपडा झाला. केक कापसासारखा मऊ निघाला. सासऱ्यांनी पुन्हा बशी पुढे केली. "थोरल्या सूनबाई, तुमच्याहून सरस झालाय!" थोरलीचा घास तोंडातल्या तोंडात फिरू लागला. "सोडा दोन चमचे घातलास ना?" "छे, एकच." धाकटीने तिच्या बशीत दुसरा तुकडा ठेवला. "जाऊबाई, तुमचं बोलणं मी नेहमी निम्मंच धरते."