गोडबोली बस

बस थांबली, तशी ताईने खुर्चीचे दोन्ही ब्रेक घट्ट लावले.

दार उघडलं. रॅम्प सरकत बाहेर आला आणि फूटपाथच्या कडेला बरोब्बर टेकला. ड्रायव्हर मान वळवून हसला. "या ताई, सावकाश या. काही घाई नाही." आतल्या एकदोघांनी सरकून जागाही केली. ताईने मान खाली घातली आणि ती स्वतःच्या चपलांकडे बघत बसली. आता ती फसणार नव्हती.

कारण खरी बस थांबत नाही. एवढ्या वर्षांत तिला हे पाठ झालं होतं. स्टॉपवर चाकाची खुर्ची दिसली की खऱ्या ड्रायव्हरला नेमकं तेव्हाच आरशात बघायचं असतं. नाहीतर तो शेजारच्या टेम्पोच्या आडून गाडी काढतो. अगदीच दयाळू असला तर ओरडतो, "मागची रिकामी येतेय!" मागचाही तेच ओरडतो. रॅम्प सगळ्या गाड्यांना बसवलेत, पण तो काढायचा कोणी?

आणि मग वाट बघून बघून डोळे दुखायला लागले, की ही येते. कुठून येते कळत नाही. थांबते, हसते, या म्हणते. ताईने तिचं नाव गोडबोली ठेवलं होतं. पहिल्यांदा आली तेव्हा ताईला आनंदाने रडूच फुटलं होतं. ती खुशाल चाकं ढकलत पुढे गेली आणि धाडकन खुर्चीसकट रस्त्यावर पडली. मागून ट्रकचा कर्कश हॉर्न. बस कुठेच नव्हती. लोकांनी उचललं, हनुवटीला टाके पडले. घरी तिने खड्डा होता म्हणून सांगितलं. खरं सांगायची सोय नव्हती, वहिनी आधीच म्हणायची, "कशाला हो वन्सं, घराबाहेर पडता?"

आज मात्र पोचायलाच हवं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम मिळालं होतं. आयुष्यातली पहिली नोकरी. दोन दिवस ती हातांनी चाकं रेटत गेली आणि पोचेपर्यंत अर्धा दिवस सरला. मालक भला माणूस, पण काल तोही म्हणाला, "उद्याही उशीर झाला तर मला दुसरं कोणी बघावं लागेल. राग मानू नका." तळहातांवर आता फोड आले होते. बसशिवाय इलाज नव्हता.

"चला ना ताई," ड्रायव्हर पुन्हा म्हणाला.

ताईने ब्रेक आणखी घट्ट दाबले.

"अहो, चढा ना एकदाच्या! आम्हाला कामं नाहीत का?" आतून कोणीतरी खेकसलं.

ताईने चमकून वर पाहिलं. गोडबोलीत कधी कोणी खेकसत नसे. तेवढ्यात रॅम्प आत गेला, दार लागलं आणि गाडी निघाली. धुराचा लोट थेट तिच्या तोंडावर आला. तिला ठसका लागला.

बाकावर पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. "का हो, गेला नाहीत? तुमच्यासाठीच थांबली होती की."

"तुम्हाला दिसली?"

"म्हणजे काय! एवढी मोठी बस! ड्रायव्हर नवीन असावा. भला दिसला."

जन्मात एकदा खरी बस थांबली आणि तिने ती आपल्या हाताने घालवली. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. आता पुढची आली की मागचापुढचा विचार करायचा नाही, तिने ठरवलं. दुकान उघडायची वेळ होत आली होती.

आणि आली. फार वेळ लागलाच नाही. समोर येऊन थांबली, रॅम्प खाली आला.

तरीही ताईने नीट पारखून घेतलं. ड्रायव्हरच्या कपाळावर आठ्या होत्या. खिडकीतली बाई कंटाळून जांभई देत होती. मागून काळाकुट्ट धूरही निघत होता.

"चढायचं तर पटकन चढा," ड्रायव्हर खेकसला. "तुमच्यापायी सगळ्यांना उशीर!"

ताईचा जीव भांड्यात पडला. इतकं टाकून बोलतोय, म्हणजे नक्की खरी.

"आले, आले हो!" ती हसत म्हणाली. तिने ब्रेक सोडले आणि फोड आलेल्या हातांनी चाकं जोरात पुढे ढकलली.

"अहो ताई!" मागून आजोबा पेपर टाकून ओरडले. "कुठे निघालात? बस कुठे आहे?"