एका पानात बसेल एवढे

‘मेहनती, प्रामाणिक, जिद्दी’ या तीन शब्दांवर माधव तावड्यांनी पट्टी ठेवली आणि टोकदार पेन्सिलीने एकच आडवी रेघ मारली.

“अप्पा! तेवढंच तर चांगलं जमलं होतं,” ऋता म्हणाली.

“हे तपासणार कसं? ज्याला माप नाही, ते आराखड्यात येत नाही.”

लालबागच्या त्या चाळीत माधवरावांना सगळेच अप्पा म्हणत. तंत्रनिकेतनाची पदविका, मग गिरणीच्या यंत्रदुरुस्ती खात्यात एकवीस वर्षे. पट्टीशिवाय रेघ मारायची नाही, ही सवय तेव्हापासूनची. शेजारच्या परबांची ऋता अकरावीत होती. परळच्या एका संस्थेत एकच जागा निघाली होती. तिथे अर्ज पाठवायचाय, एवढे सांगून ती सकाळीच कागद घेऊन गॅलरीत येऊन बसली होती.

“बायोडेटाला फोटो लागेल ना?”

“बायोडेटा लग्नाचा असतो, अप्पा. हा रेझ्युमे.”

“नाव काहीही ठेव. पान एकच.”

“यांच्या हाती कागद दिलास ना?” आतून रमाबाई म्हणाल्या. “आता तुझं लग्नाचं वय होईल, तरी पुरा व्हायचा नाही.”

अप्पांनी तिकडे लक्ष दिले नाही. “आधी जाहिरात वाच.”

ऋताने मोबाइलवरून वाचले, “‘मुलांना यंत्रांच्या प्रतिकृती बनवायला शिकवू शकेल अशी व्यक्ती हवी. शनिवार-रविवार. मुलाखतीस मूळ प्रमाणपत्रे आणावीत.’”

“वयाची अट?”

“लिहिलेली नाहीये.”

अप्पांनी समाधानाने मान हलवली. कठड्याला टांगलेली पुठ्ठ्याची क्रेन वाऱ्याने हलत होती, ती त्यांनी बोटाने स्थिर केली. चाळीतली मुले दर रविवारी त्यांच्यापाशी बसून असले काहीबाही बनवत. त्यात धाकट्यांना कात्री कशी धरायची ते दाखवण्याचे काम ऋताचे. जागा जणू तिच्यासाठीच निघाली होती.

तरी त्यांच्या मनात धाकधूक होती. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी चाळीस अर्ज पाठवले होते. एकाचेही उत्तर आले नाही. एक्केचाळिसावा त्यांनी लिहिलाच नाही. ती वाट पाहणे या पोरीच्या वाट्याला येऊ नये, म्हणून आज ते इतके काटेकोर झाले होते.

“पण मला अनुभवच नाही ना, अप्पा.”

“गणपतीत काय केलंस?”

“मंडळात होते. वॉलंटियर.”

“म्हणजे नेमकं काय?”

“हरवलेल्या पोरांच्या टेबलावर. नाव विचारायचं, माइकवर सांगायचं, रडणाऱ्याला बिस्किट द्यायचं.”

“किती पोरं?”

“सव्वीस. एक तर नेलं आणि तासाभरात परत हरवलं. त्याला दोनदा मोजू?”

अप्पांना हसू आले. “एकदाच. लिही: अकरा दिवसांत सव्वीस हरवलेल्या मुलांची नोंद ठेवून सर्वांना पालकांच्या स्वाधीन केले. याला अनुभव म्हणतात. काय केलं, किती केलं, त्याचं काय झालं. प्रत्येक ओळीत ही तीन मापं हवीत.”

ऋता मन लावून लिहीत राहिली. मग मान वर न करता तिने विचारले, “आणि मध्येच वर्ष वाया गेलेलं असेल तर? माझं आठवीचं टायफॉइडात गेलं. लपवायचं?”

“मुळीच नाही. कारण एका ओळीत, मान खाली न घालता. आणि त्या काळात जे केलंस, ते लगेच पुढच्या ओळीत.”

हे वाक्य ऋताने दोनदा अधोरेखित केले.

“तुमची फाईल दाखवा ना. कागदांचा क्रम कसा असतो ते बघते.”

अप्पा उठायच्या आत रमाबाईंनी तपकिरी फाईल आणून ठेवली. ऋताने एकेका कागदाचा फोटो काढला. पोरीची शिस्त अप्पांना आवडली.

“आता शेवटी संदर्भ. नातेवाईक चालत नाही. निदान पाच वर्षं काम डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा.”

ऋताने पेन ओठांवर टेकवले. “पाच वर्षं... आहे एक.”

“माझं नाव घाल की! त्यात विचार कसला?”

“तुमचं नाव तर येणारच आहे, अप्पा.”

“आणि एकही अक्षर खोटं नको.”

“शप्पथ, नाही.”

नवव्या दिवशी ती जिन्यातूनच ओरडत आली, “अप्पा, बोलावलंय! शनिवारी अकराला!”

एका अर्जाला उत्तर आले होते. अप्पांनी खाली जाऊन पेढे आणले आणि मजल्यावर स्वतः वाटले.

“मी एकटी नाही हं जाणार. तुम्ही पाहिजे,” ऋता म्हणाली.

शनिवारी रमाबाईंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढून ठेवला आणि तपकिरी फाईल पिशवीत सरकवली.

“ही कशाला?”

“असू दे. क्रम बघायला लागते म्हणाली होती ना ऋता?”

परळच्या त्या इमारतीत दोघे बाकावर बसले. अप्पांनी हलक्या आवाजात शेवटची सूचना दिली, “विचारतील तेवढंच बोल. घाई करू नकोस.” ऋताने मान डोलावली.

दार उघडून एक बाई बाहेर आल्या. “माधव शंकर तावडे?”

अप्पा अदबीने उठले. “मी सोबत आलोय. उमेदवार ही.”

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिले, मग अप्पांकडे. “अर्ज तर तुमचा आहे,” म्हणत त्यांनी तो कागदच पुढे धरला.

अप्पांनी वळून पाहिले. ऋता छताचा पंखा न्याहाळत होती.

त्यांनी चष्मा लावला. पान एकच होते. समास बरोबर होता. ‘गिरणी बंद झाल्याने नोकरी संपली,’ ही एक ओळ, आणि लगेच पुढे, ‘तेव्हापासून दर रविवारी चाळीतील मुलांना यंत्रांच्या प्रतिकृती बनवायला शिकवले, आजवर चौऱ्याऐंशी मुले.’ एकेका ओळीखालून बोट फिरवत ते सवयीने खोटे अक्षर शोधत गेले. सापडले नाही. बोट पानाच्या तळाशी येऊन थांबले.

‘संदर्भ: ऋता परब, इयत्ता अकरावी. नातेवाईक नाही. अर्जदाराचे काम बारा वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे.’